कोऱ्या पानावरच्या सात सह्या

नांदेड,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

रुखसार,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. २८ जून, शनिवार. अंबुलवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. अध्यक्ष तू, सचिव मुख्याध्यापक रविकांत सर. मी शिक्षणप्रेमी सदस्य. सात जण हजर.

२. विषय एकच होता, खोली क्रमांक दोनच्या छताची दुरुस्ती. अभियंता म्हणून पाहणी मी केली होती. माझ्या अहवालात दोन वाक्यं होती. पहिलं: छत वापरण्यास सुरक्षित नाही. दुसरं: दुरुस्तीसाठी निधी मिळेपर्यंत सर्व वर्ग खोली क्रमांक एकमध्ये भरवावेत.

३. वेळ कमी होता. ठरावाचा मजकूर नंतर लिहायचं ठरलं.

४. ठराववहीच्या कोऱ्या पानावर अध्यक्ष म्हणून आधी तू सही केलीस, मग बाकीच्यांनी. माझी सही शेवटची.

५. ३० जून, सोमवार. रविकांत सरांनी त्या सह्यांच्या वर दुसराच ठराव लिहिला. खोली धोकादायक, पट फक्त चौदा, म्हणून मुलं चिगळीच्या शाळेत हलवायला पालकांची संमती आहे, असा. माझं पहिलं वाक्य त्यात आहे. दुसरं नाही.

६. २१ जुलै. त्या ठरावावर आदेश निघाला. १ ऑगस्टपासून आपल्या शाळेला कुलूप.

७. १५ ऑगस्ट. ग्रामसभेत तुला जाब विचारला गेला.

८. दिवाळीच्या सुट्टीत तू, आसिफभाई आणि अल्फिया गाव सोडून जहीराबादला गेलात.

९. कुलूप अजून आहे.

गावाने आता आदेशाविरुद्ध अपील केलं आहे. अर्ज मी लिहिला. सुनावणी फेब्रुवारीत आहे. सह्या केल्या तेव्हा पान कोरं होतं, एवढंच सिद्ध करायचं आहे. अध्यक्षाच्या जबाबाला वजन असतं. एका कागदावर चार ओळी आणि तुझी सही पुरेल.

तुझा जुना नंबर बंद आहे. नवा तुझ्या अम्मीने दिला नाही, पत्ता दिला. म्हणून पत्र.

अल्फिया तिसरीत आहे ना आता? माध्यम कोणतं मिळालं?

रुद्राणी

नांदेड,
रविवार, २८ डिसेंबर २०२५

रुखसार,

पोस्टाच्या हिशोबाने माझं पत्र तुला १९ तारखेला मिळालं असणार. उत्तर आलेलं नाही.

काल गावी गेले होते. तुझ्या अम्मी, चांदबी खाला, ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. शाळेची खिचडीची पातेली अजून तुमच्याच घरात आहेत, एकात एक घालून, वर फडकं बांधून. अकरा वर्षं त्या मुलांसाठी रांधत होत्या. चिगळीला स्वयंपाकीण आधीच आहे, तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. हे तुला माहीत असेल.

मी विचारलं, "खाला, रुखसारचा फोन आला होता का?"

"आया था."

"पत्राबद्दल काही बोलली?"

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "चार नंबर झूट है बोलके बोली वो. फिरसे लिख बोली."

"आणखी काही?"

"और क्या बोलेगी? तू चाय पीती क्या?"

मी चहा प्यायले.

नंतर शाळेवरून चक्कर मारली. आदेशात चिगळीचं अंतर दोन पूर्णांक चार किलोमीटर लिहिलं आहे. मी स्कूटीच्या काट्यावर मोजलं. शाळेच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत तीन पूर्णांक एक. मध्ये राज्य रस्ता ओलांडावा लागतो आणि उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या लावून जातात. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असा कायदा आहे. हे सगळं मी अपिलात घातलं आहे.

चौदा मुलांपैकी आठ चिगळीला जातात. तीन उदगीरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसतात. दोन मुली घरी आहेत, एक धाकट्या भावाला सांभाळते, दुसरी काहीच करत नाही. चौदावी तुझी.

चार नंबरचं पुढच्या पत्रात लिहिते.

रुद्राणी

नांदेड,
रविवार, ११ जानेवारी २०२६

रुखसार,

चार नंबर पुन्हा लिहिते.

त्या शनिवारी मी नांदेडहून अर्धा दिवस रजा काढून आले होते. सव्वा वाजताची उदगीरची गाडी गाठायची होती, कारण पाच वाजता एका पुलाच्या कामाची बैठक होती. बैठक साडेअकराला ठेवली होती. बायका खुरपणीहून येईपर्यंत साडेबारा झाले. छताला हातोडी मारून कुठे पोकळ वाजतं ते मी सगळ्यांना दाखवलं. त्यात वीस मिनिटं गेली. तू म्हणालीस, "ए फुटपट्टी, दाखवून झालं असंल तर खाली ये. डोक्यावर पडंल ते."

रविकांत सरांनी वही पुढे केली. पान कोरं होतं. सरांची ती नेहमीची पद्धत. बैठक दर महिन्याला व्हायला पाहिजे, आणि पेरणी-काढणीत पालक येत नाहीत, म्हणून सर सह्या आधी घेऊन ठेवत आणि मजकूर मागाहून लिहीत. गावात कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

तू पेन हातात घेतलं नाहीस. म्हणालीस, "कोऱ्यावर? मला तर तूच शिकवलीस ना, वाचल्याबिगर सही करायची न्हाई म्हणून?"

तेव्हा मी वही स्वतःकडे ओढली आणि पानाच्या तळाशी सही केली. पहिली सही माझी आहे. जागा शेवटची, वेळ पहिली. मग वही तुझ्यापुढे ठेवून म्हणाले, "मजकूर मी लिहिते. रात्री पाठवते सरांना. कर सही, माझी गाडी चुकेल."

तू तरीही थांबलीस. तेव्हा मी म्हणाले, "माझ्यावर भरवसा नाही का?"

तू सही केलीस. तुझी बघून बाकीच्यांनी केली. दोघींनी अंगठे लावले.

मजकूर मी त्या रात्री पाठवला नाही. पुलाची बैठक लांबली, रविवारी आकडे नव्याने काढायचे निघाले, आणि मी विसरले. बुधवारी पाठवला. सरांनी सोमवारीच पान भरलं होतं. त्यांना वरून फोन आला होता, कमी पटाच्या शाळांची यादी मंगळवारपर्यंत हवी, ठरावासकट. सरांकडे एक सह्या केलेलं पान होतं आणि एका इंजिनिअरचा अहवाल होता. दोन्ही मी दिलेलं.

मी कामावर रोज सह्या करते. ज्या नकाशावर माझी सही असते, त्यातली प्रत्येक सळई मी मोजलेली असते. साइटवर कुणी कोरा कागद पुढे केला तर मी त्याला परत पाठवते. आपल्या शाळेत मला ते आठवलं नाही. ती शाळा मला कामाची जागा वाटलीच नाही, घर वाटलं. हे कारण म्हणून देत नाही. तेव्हा काय झालं ते सांगते.

सात नंबरही अर्धाच लिहिला होता.

१५ ऑगस्टला ग्रामसभेत आदेश वाचला गेला. शेषेराव उभे राहिले. त्यांची नात शाळेत होती, ते चिडलेले होते. म्हणाले, "अध्यक्षाची सही हाय का न्हाई ह्याच्यावर?" तू म्हणालीस, "हाय. पण पान कोरं होतं." ते म्हणाले, "लहान लेकरू हाईस का तू, कोऱ्या पानावर सही करायला?" मागून कुणीतरी बोललं, "तिचं काय जातंय. तिच्या पोरीला उद्या उर्दू शाळा हायच की." काही लोक हसले.

तू आणि मी एकाच पाटीवर मुळाक्षरं गिरवली. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणून फळ्यावर सुविचार लिहायचं काम तुझ्याकडे असायचं. हे त्या सभेतल्या निम्म्या माणसांना माहीत होतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. माझं नाव घेतलं नाहीस. मी तिसऱ्या ओळीत होते. आप्पा समोर खुर्चीवर बसले होते. त्यांची मुलगी वाचल्याशिवाय कुठे सही करत नाही, हे ते पाहुण्यारावळ्यांना सांगत असतात. मी उठले असते तर त्यांच्यासमोर सांगावं लागलं असतं. मी मोबाइल काढून त्यात बघत बसले. त्यात काही नव्हतं.

सभा संपल्यावर तू माझ्या बाजूने गेलीस. तुझ्या बुरख्याची कड माझ्या चपलेला लागली. मी म्हणाले, "रुखसार, आपण नंतर बोलू." तू म्हणालीस, "हाव. नंतर."

हा चार नंबर आणि हा सात नंबर. बाकीचे बरोबर आहेत, मी पुन्हा तपासले.

तुझा जबाब आता मागत नाही. कोऱ्या पानाचं मी स्वतः सांगू शकते. ते मला डिसेंबरमध्येही माहीत होतं. तुझ्याकडून मागितलं कारण तुझ्या सहीने काम झालं असतं तर माझं बोलायचं राहून गेलं असतं.

रुद्राणी

अंबुलवाडी,
बुधवार, २८ जानेवारी २०२६

रुखसार,

परवा, सव्वीस तारखेला, ग्रामसभा झाली. झेंडावंदन यंदा ग्रामपंचायतीपुढे झालं. शाळेच्या खांबाला दोरी नव्हती.

विषयपत्रिकेत शाळा सहाव्या क्रमांकावर होती. सरपंच रामलिंग काका पाचव्यानंतर सभा आटोपायला निघाले होते. मी उभी राहिले आणि जे तुला लिहिलं तेच सांगितलं. पहिली सही माझी. रुखसारने हरकत घेतली होती. मी तिला करायला लावली. मजकूर मी वेळेवर दिला नाही. ऑगस्टमध्ये ती खरं बोलत होती आणि मी गप्प बसले.

मग शेषेराव म्हणाले, "सहा महिने तोंडात मूग धरून बसलीस व्हय? अन् आम्ही त्या पोरीला काय काय बोललो."

मी म्हणाले, "हो."

"हो काय हो? तू शिकलेली ना गं?"

"हो."

"दुसरं काही येतंय का तुला?"

लोक हसले. तेव्हा चांदबी खाला बायकांमधून उठल्या. त्या सभेत कधी बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणाल्या, "हसनेवाले सब ऑगस्ट में भी हसे थे. मेरेकू सबके चेहरे याद है." आणि खाली बसल्या. नंतर कुणी हसलं नाही.

ठराव झाला. मी कागद पेन घेऊन बसले होते, पण शेषेरावांनी सांगितलं, "तू लिहू नगंस. आम्ही सांगतो, ग्रामसेवक लिहितील, मग मोठ्यानं वाचतील, मग सह्या." तसंच केलं. शाळा गावाची आहे, ती ठेवायची का हलवायची हे गाव ठरवेल, आणि खोलीच्या दुरुस्तीचा निधी शासनाने द्यावा. रामलिंग काका लोकवर्गणी काढू म्हणत होते. खालांनी बसल्या जागेवरून सांगितलं, "सरकारी शाळा है, सरकारने बांधना. आज छत हम बांधे तो कल मास्टर भी तुम लाओ बोलेंगे." ते वाक्यसुद्धा ठरावात घ्यायला लावलं. ग्रामसेवकांनी त्याचं मराठी केलं.

तीन वेळा वाचून दाखवला. एकशे बारा सह्या झाल्या. मला सर्वांत शेवटी करू दिली.

घरी येताना आप्पा माझ्यापुढे चालत होते. अव्वाने ताटं वाढली. आप्पा जेवले, हात धुतले, आणि म्हणाले, "त्या पोरीकडं जाऊन आलीस का?" मी म्हणाले, पत्रं लिहिली आहेत. ते म्हणाले, "पत्रं." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आज सकाळी स्कूटीत हवा मात्र त्यांनीच भरून ठेवली.

मी जहीराबादला आले नाही, कारण तू दार उघडशील की नाही ते मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. नांदेडहून सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येतं. गाड्यांच्या वेळा मी दोनदा काढून ठेवल्या आहेत.

नांदेडला काम संपवून खोलीवर जाते तेव्हा खाली पत्रपेटी बघते. भाडेकरू सहा आणि पेटी एक. रखवालदार आता मला दुरूनच मान हलवून नाही सांगतो. तरी मी उघडून बघते. तुझं अक्षर मी पाकिटावर लांबूनही ओळखेन.

रुद्राणी

नांदेड,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

रुखसार,

सुनावणी मंगळवारी, १७ तारखेला झाली. गावातून एक जीप भरून माणसं आली होती. शेषेराव धुतलेला फेटा बांधून पुढे बसले होते.

रविकांत सरांना ठराववही घेऊन बोलावलं होतं. ते वळवून सांगतील असं मला वाटलं होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "पान कोरं होतं का?" सर म्हणाले, "होतं." मग म्हणाले, "आठ वर्षांतली सगळीच कोरी होती, साहेब. सोयाबीनच्या काढणीला बैठक लावली तर मी आणि घंटा, दोघंच असतो. याआधी कधी कुणाचं वाईट केलं नाही त्या पानांनी." बोलताना ते साहेबांकडे बघत नव्हते, खालांकडे बघत होते. पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त होत आहेत. मला त्यांचा राग आणायचा होता, तो आला नाही.

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही अभियंता. कोऱ्या पानावर सही करणाराही तेवढाच जबाबदार असतो, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का?" मी नाही म्हणाले. त्यांनी तेही लिहून घेतलं. त्याची एक प्रत माझ्या ऑफिसला जाईल. तिथल्या माझ्या सरांना मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी मला पुढचे तीन महिने एकटीने सही करायची मुभा काढून घेतली आहे. ते योग्य आहे.

निकाल असा. मुलं चिगळीला हलवायचा, म्हणजे समायोजनाचा, आदेश स्थगित. जूनपासून अंबुलवाडीची शाळा खोली क्रमांक एकमध्ये भरेल. त्यासाठी पालकांनी आपलं मूल याच शाळेत ठेवणार असं लेखी द्यायचं आणि ती यादी मंगळवार, १० मार्चपर्यंत पोचवायची. निधीबद्दल एक शब्द नाही. खोली दोन बंदच राहणार. त्याचा अर्ज वेगळा करायचा आहे, तो पुढच्या आठवड्यात टाकते.

परत येताना जीपमध्ये सगळे बोलत होते. खाला खिडकीशी होत्या. रोजे जवळ आले म्हणून खजूर घ्यायला उदगीरला उतरल्या आणि मला म्हणाल्या, "वो आई तो पातेले मांजने को दो जन लगेंगे." कोण आली तर, ते त्यांनी सांगितलं नाही.

यादीत आजवर अकरा नावं आहेत. घरी बसलेल्या दोन्ही मुली आहेत. उदगीरच्या गाडीतला एक जण परत येतोय. शेषेराव रोज एका घरी जाऊन बसतात आणि अर्ज भरून घेतल्याशिवाय उठत नाहीत.

काल त्यांनी मला विचारलं, "आसिफच्या पोरीचं नाव धरायचं का?" मी म्हणाले, मला ते ठरवायचा अधिकार नाही, मी विचारून सांगते. ते म्हणाले, "मी जाऊ का माफी मागायला? लई बोललो मी." मी म्हणाले, आधी माझी पाळी आहे.

म्हणून विचारते, अल्फियाचं नाव यादीत धरायचं का? अकरा नावांवर शाळा उघडते, तेव्हा संख्येसाठी विचारत नाही. आसिफभाईचं तिथे बस्तान बसलं असेल, अल्फियाला मैत्रिणी मिळाल्या असतील, ती तेलुगू बोलायला लागली असेल. ज्या गावाने तुला तसं बोलून दाखवलं तिथे परत ये म्हणण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मी बघितलं तर तुझं जहीराबादला असणंच बरोबर ठरतं. तरी मला तू हवी आहेस. शनिवारी गावी गेले की बसस्टँडपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर मी कुणाशी बोलत नाही, कारण तिथे बोलायचं ते तुझ्याशीच बोलायची सवय आहे. तुझ्याशिवाय मला कुणी तोंडावर काही सुनावत नाही. सगळे मॅडम म्हणतात.

यादीचा अर्ज पाठवत नाही. कोरा कागद तुझ्याकडे पुन्हा पाठवणार नाही, आणि भरलेला पाठवायचा मला हक्क नाही. अर्ज तुझ्या अम्मीकडे आहे. तुला हवा असेल तर त्यांना सांग.

मला फक्त उत्तर हवं आहे. हो असेल तर हो लिही. नाही असेल तर नाही लिही, मी पुन्हा विचारणार नाही. मी एकदा जहीराबादला यावं की नाही, तेही त्यातच लिही. दोन शब्दांचं पोस्टकार्ड चालेल.

शुक्रवार, ६ मार्चपर्यंत मला तुझं उत्तर मिळावं. ते तुझ्या हातचं असावं.

रुद्राणी